भाईला न वाचून दाखवलेलं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आईला तर नाहीच. आई शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाली होती, काही मनात असलं तर बोल बाबा — तेव्हाही मी औषधाची वेळ झाली म्हणून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या भाईला ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलं नसतं.

ऐकायला गोष्ट अगदीच क्षुल्लक वाटेल. टीव्हीवर खेळायच्या एका मारामारीच्या खेळाची आहे. पन्नाशी उलटलेला माणूस, सरकारी कचेरीत अव्वल कारकून, आणि मनात काय घेऊन बसलाय, तर व्हिडिओ गेम — हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. हसून घ्या, मग पुढे सांगतो.

आमचं घर गोव्यातल्या लाटंबार्शाचं, गुरवाचं. सातेरीच्या देवळातली पूजा आमच्या आणि चुलत घराण्याच्या पाळीने चाले. लोकांचं काही अडलं की ते कौल घ्यायला येत. लग्न या घरी करू का, विहीर इथे खणू का, मुलाला बोटीवर पाठवू का. बाबा देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावत, गाऱ्हाणं घालत, आणि मग सगळे श्वास धरून बसत. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मला बाबांनी लहानपणीच दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पाकळी लावणाऱ्याला स्वतःला उजवंही नको असावं आणि डावंही. आणि आपल्या घरच्या प्रश्नाला आपल्या हातानं पाकळी लावायची नाही. का, म्हणून मी विचारलं होतं. हात कलतो, म्हणाले.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्ताराम. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आठवीतनं शाळा सोडून खाणीवर गेला आणि पंचविशीत शॉवेलवर बसला. शॉवेल म्हणजे ते अवाढव्य यंत्र, डोंगर खोदून ट्रकात माती भरणारं. भाई ट्रक भरायचा तेव्हा बाजूला खडा सांडत नसे. कोल्हापूर-बेळगावकडचे ड्रायव्हर म्हणत, दत्तारामच्या शॉवेलखाली ट्रक लावला की झाकण लावल्यासारखा भरतो. मी काडीपैलवान. पोहायला भाई पुढे, झाडावर भाई पुढे, गवताचा भारा उचलायला भाई. घरात, वाड्यावर, देवळात — जो तो मला म्हणायचा, भाईकडे बघ जरा. आणि भाईनं मला कधी एक चापटही मारली नाही, हेही सांगून टाकतो. घरात एक तरी शिकू दे, असं बाबांना सांगून मला साखळीच्या कॉलेजात त्यानंच घातलं होतं. म्हणजे रागवायला काही जागाच नव्हती. राग मात्र होता. तो कुठे ठेवायचा, सांगा?

गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. कोकणी की मराठी या भांडणातल्या घोषणा भिंतींवर अजून पुसट वाचता यायच्या. त्या उन्हाळ्यात, खाणीचा हंगाम संपायला आठवडा उरलेला असताना, ट्रकचा मागचा फाळका भाईच्या उजव्या हातावर पडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. म्हापशाच्या इस्पितळात प्लास्टर घातलं, दीड-दोन महिन्यांनी काढलं, तर बोटं लाकडासारखी. पेजेची कुलेर, म्हणजे चमचा, त्या हातात राहत नसे, तो डाव्या हातानं पेज प्यायचा आणि आई भिंतीकडे तोंड करून वाढायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं चांगली जुळलीत, आता वापरावर आहे सगळं. बोटं हलतील, झटपट हलतील, असं काहीतरी रोज करा. त्यांनी रबराचा चेंडू दिला. भाईनं तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी कुत्र्याला टाकला.

तेवढ्यात वयनीचा, भाईच्या बायकोचा, भाऊ मस्कतहून रजेवर आला आणि तो खेळ घेऊन आला. टीव्हीला जोडायची काळी पेटी, वायरच्या टोकाला दोन रिमोटसारखे कंट्रोल, आणि एकच कॅसेट. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना बडवतात, ज्याच्या डोक्यावरची पिवळी पट्टी आधी संपते तो मेला. डाव्या अंगठ्याखाली चौफुलीसारखं बटण — पुढे, मागे, उडी, बैठक. उजव्या हाताला गोल बटणं — गुद्दे आणि लाथा. वयनीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी हसून परवानगी दिली. उलट चेंडूपेक्षा बरं, म्हणाल्या.

आता, हा खेळ आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता. पेटीसोबत एक पातळ पुस्तिका होती, इंग्रजीतली. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी शिकलेला घरात मी एकटा. वासरात लंगडी गाय शहाणी. सगळे माझ्याभोवती बसले, बाबासुद्धा खांबाला टेकून, आणि मी एक-एक पान वाचून अर्थ सांगू लागलो. माणूस कसा निवडायचा. हलका गुद्दा, भारी गुद्दा. बसून लाथ मारली तर समोरचा आडवा होतो. तीनातले दोन डाव जिंकले की सामना आपला. भाई मान डोलावत होता, मध्ये विचारत होता, ते डाव्या हाताचं की उजव्या? शाळा सोडलेल्या माणसाला पुन्हा पाटी मिळावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

मग सातवं पान आलं.

त्या पानावर चित्र होतं. एकजण ठोसा मारतोय, दुसऱ्यानं दोन्ही हात आडवे धरलेत. खाली लिहिलं होतं — समोरच्यानं वार केला की मागचं बटण दाबून धरा, वार अडतो. बसून येणारी लाथ अडवायची तर खाली आणि मागे एकदम धरा. दोन ओळी. मला त्या नीट कळल्या. आणि मी — काय सांगू — मी पान उलटलं. मागचं बटण मागे सरकायला, एवढंच म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

दोनचार डाव जिंकू आणि मग सांगू, गंमत होईल, असं त्या क्षणी मनात होतं. खरंच होतं का? आज नक्की म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी मी सगळे डाव जिंकलो. वयनी हसली, आई म्हणाली, बघा, धाकट्यानं थोरल्याला लोळवलं! आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हे वाक्य उच्चारलं. मग मी दुसऱ्या दिवशी कशाला सांगतो?

रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आम्ही बसायचो. भाई नेहमी तोच एक टकल्या पैलवान घ्यायचा. पहिले काही दिवस त्याला बटण दाबायला मूठ आपटावी लागे. मग मधलं बोट यायला लागलं. गणेश चवथीच्या सुमाराला अंगठा वाकायला लागला. एका सकाळी पोदेराकडून, पाववाल्याकडून, गरम उंडे पाव त्यानं उजव्या हातानं घेतले आणि ते कुणाच्या, त्याच्यासुद्धा, ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. पण भाईच्या लेखी हाताची परीक्षा एकच उरली होती — खेळात तो हरत होता. हरणारच. माझा माणूस मार अडवत होता, त्याचा उघड्या छातीनं मार खात होता. आणि अडवायचं बटण होतं डाव्या अंगठ्याखाली. धडधाकट हाताच्या! उजव्या हाताचा त्यात काही संबंधच नव्हता.

एकदा वयनी त्याच्याशी खेळली आणि तो सहज जिंकला. तिलाही अडवणं ठाऊक नव्हतं, बरोबरीचा सामना झाला. मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडणार. पण तो म्हणाला, ती चुलीकडून आलेली, तिला हरवण्यात काय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवशी मी पुस्तिका माझ्या कॉलेजच्या पिशवीत टाकली आणि नंतर कुणी मागितली तेव्हा हरवली म्हणालो.

आणि मग त्यानं विचारलं. मला तो प्रश्न अजून त्याच्या आवाजात ऐकू येतो. टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुजो माणूस हात आडे धरता आनि तेका लागना. माजो कित्या धरिना?"

हाच तो क्षण. इथवरचं सगळं पोरखेळ म्हणून सोडून देता आलं असतं. त्यानं सरळ विचारलं होतं, मी सरळ सांगायचं होतं. मी म्हणालो, तो आपोआप धरतो भाई, बटण वेळेवर दाबलं की. बोटं चपळ लागतात.

बोटं चपळ लागतात. तीन शब्द. भाईनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, उलटा-सुलटा केला, आणि मांडीखाली ठेवून दिला. मी ते पाहिलं. पाहूनही पुढचा डाव सुरू केला.

दसरा झाला, खाणी सुरू व्हायच्या बेतात आल्या. कंपनीचा निरोप आला — सोमवारी सकाळी जीप येईल, दत्तारामला शॉवेलवर बसवून बघू. जमलं तर जागा त्याचीच, नाही जमलं तर दुसरा माणूस बसवावा लागेल. घरात सगळे आनंदले. भाई नाही. त्याला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणवत नाही. खाली ट्रकात क्लिनर उभा असतो, हात चुकला तर माणूस जातो. त्याला कौल हवा होता. पण पाळी आमच्या घराची, पाकळी बाबांनीच लावायची, आणि घरच्या प्रश्नाला बाबा हात लावणार नाहीत. चुलत घराची पाळी यायला पंधरा दिवस होते.

रविवारी सकाळी न्याहारी झाल्यावर भाईनं टीव्ही लावला. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता. मला म्हणाला, "तीन सामने. एक तरी जिंकलंय तर उजवो. नाय तर डावो. मागीर कोणी काय बोलाचा नाय." आणि त्या पडद्याला त्यानं हात जोडले.

मी हसलो. मला वाटतं, हसलोच. पण या कौलाच्या पाकळ्या मी लावलेल्या होत्या, आणि त्या कुठल्या बाजूला पडणार हे मला ठाऊक होतं. गुरवाच्या पोराला ठाऊक होतं.

पहिला सामना मी जिंकलो. दुसऱ्यात एक डाव त्यानं घेतला — अंगठा झपाझप चालत होता त्याचा, मी घाबरलो, आणि पुढचे दोन्ही डाव मागे धरून, अडवून, थोडं थोडं मारत काढले. तिसरा सुरू व्हायच्या आधी तो कंट्रोल खाली ठेवून बोटं मोडू लागला. एक वाक्य बोलायचं होतं मला. भाई, मागे धर, अडतं. एवढंच. किंवा मुद्दाम हरायचं होतं. हरताही आलं असतं, नाही का? मी मनाशी म्हटलं, मुद्दाम हरलो तर कौल खोटा होईल. बघा, कसली ही शुचिता — आणि कुणाला सुचतेय! मी तिसराही जिंकलो. शेवटची लाथ लागली तेव्हा माझ्या तोंडून हुर्रे निघालं. ते हुर्रे मी अजून गिळू शकलेलो नाही.

भाईनं कंट्रोलची वायर नीट गुंडाळून ठेवली. "बरां झालां. कळलां," म्हणाला आणि बाहेर गेला.

सोमवारी जीप आली. तिठ्यावर हॉर्न वाजवत राहिली. भाई गोठ्यात होता, तो बाहेरच आला नाही. शेवटी बाबा जाऊन सांगून आले, हात गेला म्हणून. आईनं विचारलं, वयनी रडली, त्यानं एकच उत्तर दिलं — "हात गेलो गे माजो. कोणाचो जीव घेवं?" पुढे कंपनीनं त्याला फाटकावर ठेवला. ट्रक आला की बांबू वर करायचा, ट्रक गेला की खाली. ज्यानं डोंगर उचलले त्यानं वीसेक वर्षं बांबू उचलला. मी शिकलो, पणजीला नोकरीला लागलो. खेळाची पेटी वयनीनं माळ्यावर टाकली ती पुन्हा कुणी काढली नाही.

तुम्ही म्हणाल, हात खरंच गेला नव्हता कशावरून? मलाही बरीच वर्षं या प्रश्नाचा आधार होता. कदाचित शॉवेलवर जमलंच नसतं. कदाचित. मग बाबा गेले आणि पूजा भाईकडे आली. पहिल्यांदा तो कौल लावायला बसला तेव्हा मी गर्दीत उभा होतो. नखाएवढ्या ओल्या पाकळ्या त्यानं त्याच अंगठ्यानं आणि त्याच दोन बोटांनी देवीच्या अंगावर लावल्या, एका रेषेत, हात जराही न थरथरता. लोक म्हणाले, बापापेक्षा सुबक लावतो. मी प्रसाद न घेता घरी आलो.

इथे संपलं असतं तरी सांगायला पुरेसं होतं. पण अजून एक आहे, आणि त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

तीन वर्षांमागे चवथीला सगळे घरी जमलो होतो. भाईची मुलगी शर्वाणी पर्वरीला नोकरी करते. तिनं नवा खेळ आणला होता, टीव्हीवर लावायचा. दुपारची जेवणं झाली होती, नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट मध्ये होतं, आणि ती बापाच्या मागे लागली, बाबा, तू खेळ ना माझ्याशी. तोही मारामारीचाच. भाई नको नको म्हणत बसला. दोन ठोसे खाल्ले. आणि शर्वाणी म्हणाली, "असां काय करतास बाबा? मागे धर. मागे धरल्यार अडता."

भाईनं मागे धरलं. त्याच्या माणसानं हात आडवे केले. शर्वाणीनं चार-पाच वार केले, एकही लागला नाही.

भाई थांबला. कंट्रोल मांडीवर ठेवून त्यानं विचारलं, "ह्यां पयल्यापासून असां? जुन्या खेळात पण?" ती म्हणाली, सगळ्याच खेळांत असतं, पहिल्यापासून, ही तर पहिली पायरी. खोलीत आठ-दहा माणसं होती, पोरं ओरडत होती, कुणाला काहीच कळलं नाही. भाई टीव्हीकडे बघत राहिला. त्याचा उजवा अंगठा बटणावर हलकेच वरखाली होत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर — पण नाही. तो माझ्यासाठी वाट शोधत होता. साठीला टेकलेला माझा भाऊ, माझ्याकडे बघत, लेकीला म्हणाला, "काकाक तरी खंय म्हायत आसतलां त्या वेळार. पुस्तकात नसतलां तां. काय रे?"

आणि मी काय केलं? तीस वर्षं ज्या प्रश्नाची धास्ती होती तो इतक्या मायेनं विचारला गेला. सगळं तिथे टाकून देता आलं असतं, त्याच्या पायाशी. मी नेवरी उचलली, तिचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "नाय भाई. पुस्तकात नव्हतां."

त्यानं मान हलवली. दोनदा. "तांच म्हणतंय मी," म्हणाला, आणि कंट्रोल लेकीच्या हातात देऊन पडवीत जाऊन बसला.

त्यानंतर त्यानं तो विषय काढलेला नाही, मीही नाही. आम्ही भेटतो, देवळाच्या कामाचं बोलतो, पाव-भाजी खातो. त्याला माझं म्हणणं पटलं की त्यानं मला झाकलं, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस माझ्यात नाही, आणि हे लिहून झाल्यावर ते येईल असंही वाटत नाही. पुस्तकात होतं ते. मी वाचलं होतं. पहिल्याच दिवशी, भाई शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला असताना.